पुणे जिल्ह्यातल्या २१ आमदारांना खुलं पत्र: मागायची वेळ मार्चमध्ये नसते, आत्ता असते

प्रति,
पुणे जिल्ह्यातील सर्व विधानसभा सदस्य

सन्माननीय सदस्यांनो,
सप्रेम नमस्कार.

जुन्नरपासून इंदापूरपर्यंत आणि मावळपासून दौंडपर्यंत, पुणे आणि पिंपरी-चिंचवड धरून, तुम्ही एकवीस जण आमच्या वतीनं विधानसभेत बसता. मुंबई उपनगर सोडलं तर एवढे आमदार राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्याला नाहीत. राज्याचा पुढचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जाईल. पण त्यातले आकडे ठरताहेत ते या दिवसांत, पावसाळा सरून दिवाळी यायच्या सुमाराला. म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहे.

मी राज्य शासनाच्या लेखा शाखेत नोकरी करून निवृत्त झालो. अंदाजपत्रकाची प्रपत्रं भरणं, खर्चाचा मेळ घालणं, देयकं कोषागारात पाठवणं आणि परत आलेली पुन्हा पाठवणं यात माझी सगळी नोकरी गेली. ज्या कार्यालयांत काम केलं त्यांची नावं इथं घेत नाही. त्यांचं दुखणं त्यांच्यापुरतं नव्हतंच.

दरवर्षी अर्थमंत्र्यांचं भाषण संपतं आणि काही मिनिटांत तुमच्या प्रतिक्रिया आमच्या मोबाईलवर यायला लागतात. सत्तेतल्यांना अर्थसंकल्प सर्वसमावेशक वाटतो, विरोधातल्यांना निराशाजनक. त्या घटकेला विभागवार तरतुदींची अर्थसंकल्पाची पुस्तकं नुकतीच वाटलेली असतात, कुणी उघडलेलीही नसतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'पुण्याला काय मिळालं' अशी चौकट येते, आणि आमच्या लेखी अर्थसंकल्प तिथेच संपतो. तुमच्या लेखी तो तिथून सुरू व्हायला हवा.

राज्यघटनेच्या २०२व्या अनुच्छेदानुसार राज्यपाल वार्षिक वित्तीय विवरणपत्र विधिमंडळापुढे ठेवायला लावतात. त्यात खर्चाचे दोन भाग असतात. राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, कर्जावरचं व्याज, न्यायालयाच्या हुकूमनाम्यांच्या रकमा हा भारित खर्च. त्यावर चर्चा करता येते, मतदान नाही. बाकीचा सगळा दत्तमत, म्हणजे मताला टाकावा लागणारा. तो अनुदानाच्या मागण्यांच्या रूपानं फक्त विधानसभेपुढे येतो. विधान परिषदेला त्यावर मत नाही, आणि पुढे जे विनियोजन विधेयक येतं ते धन विधेयक असल्यानं परिषद ते चौदा दिवसांपेक्षा जास्त अडवूही शकत नाही. म्हणजे शाळेतल्या खडूपासून धरणाच्या दरवाजापर्यंतचा पैसा राज्याच्या एकत्रित निधीतून बाहेर काढायचा तर परवानगी तुम्ही द्यायची. तुमच्याशिवाय ती दुसरं कुणी देऊ शकत नाही.

आता ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही असं एक कलम. अनुच्छेद २०३ नुसार प्रत्येक मागणीला राज्यपालांची, म्हणजे प्रत्यक्षात सरकारची, शिफारस लागते. त्यामुळे सभागृह मागणी मंजूर करू शकतं, नाकारू शकतं, कमी करू शकतं. वाढवू शकत नाही. ससून रुग्णालयाच्या औषधांसाठी पुस्तकात जी रक्कम छापून आली, तिच्यात एक रुपयाही तुम्ही मार्चमध्ये उभं राहून घालू शकत नाही. तेव्हा जे निवेदन घेऊन तुम्ही फेब्रुवारीअखेर मंत्रालयात जाता, ते चार महिने उशिरा पोचलेलं असतं.

हे चार महिने कुठे जातात ते सांगतो, कारण माझं आयुष्य तिथेच गेलं. वित्त विभागाचं परिपत्रक निघतं. तालुका आणि जिल्हा पातळीवरची कार्यालयं प्रपत्रं भरतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची तरतूद, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि शेवटी पुढच्या वर्षाचा अंदाज. वेतनासाठी मंजूर पदं किती, भरलेली किती, याचं वेगळं विवरण. हे सगळं जिल्ह्यातून प्रादेशिक कार्यालयात, तिथून आयुक्त किंवा संचालकांकडे, मग मंत्रालयातल्या विभागाकडे आणि सरतेशेवटी वित्त विभागात जातं. प्रत्येक पायरीवर आकडा कापला जातो, आणि खालच्यांना हे ठाऊक असल्यानं ते आधीच फुगवून पाठवतात. गरज मोजून अंदाज करणारं कार्यालय क्वचित. बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षाच्या आकड्यावर पाच-दहा टक्के चढवून कागद पुढे सरकतो. ज्या दवाखान्याला मागच्या वर्षी कमी मिळालं, त्याला याच हिशेबानं पुढच्या वर्षीही कमीच मिळतं. तिथले रुग्ण दुप्पट झाले तरी प्रपत्रात रुग्णांसाठी रकाना नसतो.

यात पुण्याच्या आमदारांची जबाबदारी इतरांपेक्षा मोठी का? कारण राज्याच्या किती तरी विभागांचे हे आकडे मुंबईत गोळा होत नाहीत, तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर गोळा होतात. शिक्षण आयुक्त पुण्यात. कृषी आयुक्त, साखर आयुक्त, सहकार आयुक्त, समाजकल्याण आयुक्त, महिला व बालविकास आयुक्त, पशुसंवर्धन आयुक्त, जमाबंदी आयुक्त हे सगळे पुण्यात. तुरुंगांचं मुख्यालय पुण्यात. मुद्रांक शुल्क हे राज्याच्या उत्पन्नाचं मोठं साधन, त्याचा कारभार पाहणारे नोंदणी महानिरीक्षकही पुण्यातच बसतात. गडचिरोलीच्या शाळेचा आणि नंदुरबारच्या कृषी कार्यालयाचा अंदाज साखर संकुल, मध्यवर्ती इमारत, चर्च पथ या परिसरातल्या टेबलांवरून पुढे जातो. गडचिरोलीच्या आमदाराला तिथवर यायला रात्रभराचा प्रवास आहे. तुम्हाला नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुमच्यापैकी कुणी त्या लेखा शाखेत येऊन 'या वर्षी कोणत्या शीर्षाखाली', म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्याखाली, 'काय मागताय' असं विचारल्याचं माझ्या पाहण्यात नाही. बदल्यांची शिफारस घेऊन आलेले मात्र पाहिले आहेत.

आपल्या या शहरातून एक माणूस असा गेला होता की ज्याला मताचा अधिकार नव्हता आणि तरी ज्यानं अर्थसंकल्पाची पुस्तकं वाचली. २६ मार्च १९०२ ला नामदार गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे मंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. १८९२च्या कायद्यानं सदस्यांना चर्चेची मुभा दिली होती, मतदानाची नाही. सरकारनं शिल्लक दाखवली होती. दुष्काळानं आणि प्लेगनं माणसं मरत असताना ही शिल्लक म्हणजे भरभराटीची खूण नसून रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची खूण आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून मांडलं. मिठावरचा कर कमी करा, ही मागणी त्यांनी लावून धरली. १९०३ पासून तो कर टप्प्याटप्प्यानं खाली आला. त्या भाषणामागे गणेश व्यंकटेश जोशी नावाच्या एका शाळेतल्या मुख्याध्यापकाची आकडेमोड होती, हे फार थोड्यांना माहीत असतं. गोखले जिथं शिकवत त्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या रस्त्यावरून आपण सगळेच जातो. गोखल्यांचं नाव तुम्ही भाषणांत घेता, जयंतीला हार घालता. त्यांच्याकडे जे नव्हतं ते मत तुमच्याकडे आहे. ते कसं वापरलं जातं ते पाहून माझा जीव तुटतो.

कारण मागण्यांसाठी दिवस मोजके असतात आणि विभाग भरपूर. ठरलेल्या दिवशी वेळ संपली की उरलेल्या मागण्या गिलोटिनखाली चर्चेविना एकत्र मताला टाकल्या जातात. आवाजी मतदान होतं. हजारो कोटींची मागणी मंजूर व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कोषागारात माझं पाचशे रुपयांचं प्रवास देयकसुद्धा तपासून होत नसे. संसदेत १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या आहेत. अर्थसंकल्प मांडल्यावर मधल्या सुट्टीत त्या मागण्या तपासतात, अधिकाऱ्यांना बोलावतात, मग सभागृहात मतदान. केरळच्या विधानसभेतही विषय समित्या हेच काम करतात. आपल्याकडे मागणी मतदानाला येण्याआधी अशी कसून छाननी व्हावी, यासाठी तुम्ही एकवीस जणांनी पक्ष बाजूला ठेवून अध्यक्षांकडे आग्रह धरावा, ही माझी पहिली विनंती.

तोवर कपात सूचना हे हत्यार आहेच. मागणीतून शंभर रुपये कमी करा, अशी लाक्षणिक सूचना देऊन एखाद्या नेमक्या तक्रारीवर बोलता येतं. सत्तापक्षाच्या सदस्याची अडचण मला कळते. कपात सूचना मंजूर होणं म्हणजे सरकारवरचा अविश्वास ठरतो, तुम्ही ती देणार नाही. पण मागणीवरच्या चर्चेत प्रश्न विचारायला पक्ष आडवा येत नाही. फक्त प्रश्न योग्य मागणीवर विचारा. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं, औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाखाली. ससूनबद्दल आरोग्याच्या मागणीवर पोटतिडकीनं बोललात तर उत्तर द्यायचा मंत्रीच वेगळा असतो, आणि तुमचं भाषण कार्यवृत्तात पडून राहतं.

पुस्तक वाचणं वाटतं तितकं अवघड नाही. चार अंकी प्रधान शीर्ष पाहायचं. २ किंवा ३ नं सुरू होत असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ नं असेल तर भांडवली. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, ३०५४ म्हणजे रस्ते-पुलांची देखभाल आणि ५०५४ म्हणजे नवे रस्ते-पूल. या शेवटच्या दोन शीर्षांवर जरा थांबा. ५०५४ खाली काम आलं की भूमिपूजन होतं, फलक लागतो. कधी कधी कामापुढे केवळ लाक्षणिक तरतूद असते, तरी फलक लागतो. ३०५४ चं भूमिपूजन कुणी करत नाही, म्हणून त्याच्यासाठी भांडतही कुणी नाही. पाटबंधाऱ्यांचंही तेच. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा फुटला आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या लोकांचे संसार तासाभरात वाहून गेले. आठवडाभर सगळे नेते तिथे होते. त्यानंतरच्या मार्चमध्ये आणि त्याच्या पुढच्या मार्चमध्ये कालव्यांच्या देखभाल-दुरुस्तीला किती तरतूद झाली, त्यातली किती प्रत्यक्ष वितरित झाली, हे पर्वतीच्या एखाद्या माणसानं तुम्हाला विचारलं तर उत्तर तोंडावर हवं. ते सगळं छापलेलं असतं.

तुमची भांडणं कुठे होतात तेही मी पाहतो. कौन्सिल हॉलमध्ये जिल्हा नियोजन समितीची बैठक असली की पालकमंत्र्यांसमोर तालुक्या-तालुक्यांत ओढाताण होते, बाहेर येऊन पत्रकारांशी बोलणं होतं. भांडावंच, तो तुमच्या लोकांचा पैसा आहे. पण प्रमाण पाहा. २०२५-२६च्या अर्थसंकल्पाचा आकार ७ लाख कोटी रुपयांचा होता. त्यात सर्वसाधारण जिल्हा वार्षिक योजनेला सगळ्या जिल्ह्यांना मिळून २०,१६५ कोटी. तीन टक्केसुद्धा नाहीत. आमदार निधी वर्षाला पाच कोटी, म्हणजे तुम्हा एकवीस जणांचा मिळून १०५ कोटी. या तीन टक्क्यांसाठी तुम्ही आवाज चढवता आणि उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांतलं जे मताला येतं ते न बोलता मंजूर करता. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची होती. म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज आणि योजना भागवायलाही राज्य कर्ज काढतं आहे, आणि एकूण कर्ज नऊ लाख कोटींच्या वर गेलं आहे. माझं निवृत्तिवेतनही त्यातलंच, हे विसरून मी लिहीत नाही.

पुरवणी मागण्यांबद्दल, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्येच मागितल्या जाणाऱ्या जादा पैशाबद्दल, मला जास्त कळकळ आहे, कारण त्यांवर चर्चा सर्वांत कमी होते. २०२४ सालचं उदाहरण घ्या. लोकसभा निवडणूक तोंडावर असल्यानं २७ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प आला आणि पहिल्या चार महिन्यांसाठी लेखानुदान, म्हणजे पूर्ण अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंतच्या खर्चाची तात्पुरती परवानगी, घेतलं गेलं. हे रीतीला धरूनच झालं, अनुच्छेद २०६ त्यासाठीच आहे. २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला, त्यात माझी लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटींची घोषणा झाली. आणि ९ जुलैला ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. अकरा दिवसांत. ६ लाख १२ हजार कोटींच्या अर्थसंकल्पावर पंधरा टक्के. पुरवणी मागणीतला प्रत्येक रुपया नवा खर्च नसतो, काही रक्कम एका शीर्षातून दुसऱ्यात वळवलेली असते, हे मी जाणतो. पण ज्या खर्चाचा अंदाज अकरा दिवस आधी आला नाही, तो आभाळातून पडला का, एवढं विचारणं तुमचं काम होतं. योजना चांगली की वाईट हा मुद्दाच नाही. माझ्या ओळखीच्या कित्येक घरांत ते दीड हजार रुपये औषधाला आणि शाळेच्या वहीला लागतात. एवढ्या मोठ्या खर्चाला पूर्ण अर्थसंकल्पात, पूर्ण चर्चेनं जागा मिळाली असती, तर त्या बायकांना हप्ता कधी थांबेल याची धास्ती कमी राहिली असती.

जुलैत मुंबईला, डिसेंबरमध्ये नागपूरला आणि मार्चमध्ये पुन्हा मुंबईला, असं वर्षातून तीनदा हे घडतं. भारताचे महालेखापरीक्षक आपल्या अहवालांतून वारंवार दाखवतात की काही मागण्यांत मूळ तरतूदच खर्च झालेली नसते आणि तरी पुरवणी घेतलेली असते. तो अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटी पटलावर ठेवला जातो आणि सभागृह उठतं. तुमच्यातले जे हे अहवाल तपासणाऱ्या लोकलेखा समितीवर जातील त्यांनी तिथं हजर राहून काम करावं, एवढंच म्हणतो.

मार्चअखेरबद्दल थोडं सांगायला हवं. अर्थसंकल्प मंजूर झाला म्हणजे पैसा आला, असा लोकांचा समज असतो. तरतूद आणि वितरण यांत मोठं अंतर असतं. वित्त विभाग बीम्स या निधिवाटपाच्या संगणक प्रणालीवर निधी टप्प्याटप्प्यानं सोडतो. एप्रिल ते जानेवारी 'वरून बजेट आलेलं नाही' हे वाक्य मी हजारदा बोललो असेन: वसतिगृहाच्या भोजन ठेकेदाराला, औषध पुरवठादाराला, आणि तीन महिने मानधन न मिळालेल्या बाईलाही. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, कधी ३१ तारखेच्या संध्याकाळी, निधी पडतो. खर्च केला नाही तर व्यपगत होणार, म्हणजे हातचा जाणार. रात्री उशिरापर्यंत कोषागारात देयकांचे गठ्ठे घेऊन रांगा लागतात. ज्यासाठी पैसा हवा होता ते त्या घाईत घेता येत नाही, जे पटकन घेता येतं ते घेतलं जातं. औषधांची निविदा एका रात्रीत होत नाही, खुर्च्या येतात. अशा एका रात्री सही करताना एका वरिष्ठांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत. ते प्रामाणिक होते. त्यांनी ऑगस्टमध्ये, ऑक्टोबरमध्ये आणि डिसेंबरमध्ये निधीसाठी पत्रं लिहिली होती, स्थळप्रती फाईलला होत्या. त्या वर्षी एका तरी आमदारानं सभागृहात विचारलं असतं की या शीर्षाखाली डिसेंबरपर्यंत किती टक्के वितरण झालं, तर कदाचित त्या पत्रांना उत्तर आलं असतं.

म्हणून मागणं नेमकं आहे. दिवाळीनंतर, नागपूरच्या अधिवेशनाला जाण्याआधी, तुम्ही एकवीस जणांनी पुण्यात एक दिवस एकत्र बसावं. कौन्सिल हॉलच मिळावा असं नाही, एखाद्या शाळेचं सभागृह चालेल. शिक्षण, समाजकल्याण, महिला व बालविकास या आयुक्तालयांनी चालू वर्षाची तरतूद, आजवरचं वितरण, आजवरचा खर्च आणि पुढच्या वर्षाची मागणी तिथं मांडावी, असं त्यांना पत्र द्यावं. ससूनच्या आणि औंधच्या रुग्णालयालाही बोलवावं. लोकांना बसू द्यावं आणि बोलू द्यावं. घोडेगावच्या आदिवासी प्रकल्पातली माणसं येतील, खडकवासल्याच्या कालव्यावरचे दौंड-इंदापूरचे शेतकरी येतील, आणि पाण्यावरून त्यांचं शहराशी भांडण होईल. ते समोरासमोर झालेलं बरं. मग मार्चच्या अधिवेशनाहून परत आल्यावर प्रत्येकानं एका कागदावर लिहून सांगावं की मी या या मागण्यांवर बोललो, हे विचारलं, हे उत्तर मिळालं. तुमच्या कार्यअहवालात भूमिपूजनांची छायाचित्रं असतात, त्यातलं एक पान याला द्या.

पुस्तकं कोण वाचून देणार, असं कुणी म्हणू नये. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर ती सगळी असतात, आणि ती वाचता येणारे माझ्यासारखे निवृत्त लेखा कर्मचारी या शहरात पेठेपेठेत आहेत. गोखल्यांना जोशी मास्तर होते. तुमच्यापैकी कुणीही, कुठल्याही पक्षाचा, एखादा विभाग निवडून निरोप धाडावा. मी आणि माझे दोन-तीन जुने सहकारी त्या विभागाच्या मागील तीन वर्षांच्या तरतुदी, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च एका तक्त्यात मांडून तुमच्या कार्यालयात आणून देऊ. मोबदला नको. सुरुवात शिक्षणापासून करावी असं मला वाटतं, कारण त्याचे अंदाज मध्यवर्ती इमारतीतून अजून मंत्रालयाकडे गेलेले नसतील.

आपला नम्र,
एक निवृत्त लेखाधिकारी
पुणे